डोक्यातला कारभारी

मंडळी, एक पोरगा डोळ्यांपुढे आणा. वय दहा वर्षांचे. चौथीत शिकतो. अंगाने धडधाकट, बोलायला चुणचुणीत. घरच्या शेळ्या तो लांबून ओळखतो. कोणती शेळी कधी व्याली, हे त्याला तोंडपाठ.

एके दिवशी आईने त्याला सांगितले, "दुकानात जा. मीठ, काडेपेटी नि चहापूड आण. येताना काकूकडून चाळण घेऊन ये. आणि लवकर ये रे बाबा."

पोरगा उड्या मारीत गेला. तासाभराने आला. हातात नुसती काडेपेटी.

"मीठ कुठंय?"

"मीठ सांगितलं होतंस?"

"आणि उरलेले पैसे?"

"खिशात होते की गं आई!"

खिसा रिकामा. चाळणीचे तर नावच नाही. वाटेत पोरे गोट्या खेळत होती, तिथे हा रमला होता.

शाळेतही तीच तऱ्हा. गणित येते, पण अर्धेच सोडवतो. पाटी आहे तर पेन्सिल नाही, वही आहे तर दप्तर वर्गातच राहिले. गुरुजींचा प्रश्न पुरा होण्याआधी हा उत्तर देऊन मोकळा. बाप म्हणे, "ह्याच्या डोक्यात माती भरलीय. काढा शाळेतून. जाऊ दे शेरडांमागं." असे म्हणून तो पोराला मारीही. पोरगा रडे, शपथ घेई, "उद्यापासून नाही विसरणार." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विसरे.

ह्या पोराची आई आमच्या रात्रीच्या वर्गाला येते. एकदा वर्ग सुटल्यावर ती मागे थांबली. म्हणाली, "पोरगं वाईट न्हाई हो. पण सांगितलेलं त्याच्यात ऱ्हातच न्हाई. काय करू?"

आज आपण ह्याच प्रश्नाचा विचार करू. कारण अशी पोरे गावोगाव आहेत. तुमच्या घरात नसेल, तर शेजारी असेल.

लग्नघर आणि कारभारी

लग्नघराचा विचार करा. आचारी आहे, पाणक्या आहे, वाजंत्री आहेत. धान्य भरपूर आहे. माणसे कामसू आहेत. पण कारभारी नाही. मग काय होते? भात आधी शिजतो आणि पत्रावळी आणायला माणूस नंतर जातो. नवरदेव दारात उभा आणि वाजंत्री जेवायला बसलेले. कोणी आळशी नाही, कोणी मूर्ख नाही. तरी सगळा गोंधळ. का? आधी काय, मग काय, हे सांगणारा कोणी नाही म्हणून.

आपल्या डोक्यातही असाच एक कारभारी असतो. बुद्धी वेगळी आणि हा कारभारी वेगळा. बुद्धी म्हणजे धान्याचे कोठार. कारभारी म्हणजे ते धान्य वेळेवर, मापाने बाहेर काढणारा. कोठार भरलेले असून कारभारी कच्चा असू शकतो. आपल्या पोराचे तसेच आहे. शिकलेले लोक ह्या शक्तीला 'एक्झिक्युटिव्ह फंक्शन' म्हणतात. आपण तिला डोक्यातला कारभारी म्हणू.

हा कारभारी मुख्यतः तीन कामे करतो.

पहिले काम, धरून ठेवणे. मीठ, काडेपेटी, चहापूड, चाळण ही चार नावे काम होईपर्यंत मनात धरायची. ओंजळीत पाणी धरतो तसे. कोणाची ओंजळ मोठी असते, कोणाची लहान. ओंजळ लहान असली की पाणी वाटेतच सांडते.

दुसरे काम, आवरणे. गोट्यांचा डाव दिसला, पाय तिकडे ओढले. तेव्हा "आधी दुकान, मग डाव" असे मनाला सांगणे. जिभेवर आलेले उत्तर गुरुजींचे बोलणे संपेपर्यंत थोपवणे. राग आला तरी हात न उचलणे.

तिसरे काम, वळणे. एक काम सोडून दुसऱ्याला लागणे. बेरजा संपल्या, आता वजाबाक्या आल्या, तर डोकेही तिकडे वळले पाहिजे. काही मुलांना हे वळण घेता येत नाही. ती पहिल्याच कामाला चिकटून राहतात. मध्येच उठवले तर चिडतात, रडतात.

ही तीन कामे जमली, तर पुढची कामे जमतात. कामाला सुरुवात करणे, पायरी-पायरीने जाणे, वेळेचा अंदाज ठेवणे, वस्तू जागच्या जागी ठेवणे, आपली चूक आपण पाहणे, ही सारी कामे ह्या तीन पायांवर उभी आहेत.

पहारीची गोष्ट

हा कारभारी डोक्यात बसतो कुठे? मुख्यतः कपाळामागे, मेंदूच्या पुढच्या भागात. बाकीचा मेंदूही त्याच्या हाताखाली राबतो. हे कळायला एक जुनी गोष्ट कामी आली. गोष्ट खरी आहे.

अमेरिकेत व्हरमाँट नावाचे राज्य आहे. तिथे 1848 साली आगगाडीचा रस्ता बांधत होते. फिनियास गेज नावाचा 25 वर्षांचा तरुण तिथे मुकादम होता. माणूस हुशार आणि कामाचा पक्का. 13 सप्टेंबरला तो खडकाच्या भोकात सुरुंगाची दारू ठासत होता. ठिणगी उडाली आणि दारू पेटली. हातातली लोखंडी पहार वर उसळली. साडेतीन फूट लांब आणि सहा किलो वजनाची ती पहार. ती डाव्या गालातून शिरली आणि डोक्यातून वर आरपार गेली.

तरी तो माणूस जगला! चालला, बोलला. काही महिन्यांत जखम भरली. पण त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर हार्लो ह्यांनी पुढे लिहून ठेवले, की गेज पूर्वीचा राहिला नाही. नाना बेत करी आणि लगेच सोडून देई. मनाला आवर राहिला नाही. रेल्वेच्या ठेकेदारांनी त्याला पुन्हा मुकादम केले नाही. बाहेरच्या मुकादमाचा डोक्यातला मुकादमच जखमी झाला होता.

गोष्टीचा पुढचा भाग पुष्कळ जण सांगत नाहीत. 1852 साली गेज चिली देशात गेला. तिथे काही वर्षे त्याने प्रवाशांची घोडागाडी हाकली. वेळ ठरलेली, वाट ठरलेली, रोजचे काम ठरलेले. हे काम त्याला निभावले. अभ्यासकांना वाटते, की ह्या ठरलेल्या दिनक्रमानेच त्याला सावरले असावे. 1860 साली तो वारला.

आपल्या पोराच्या डोक्याला काही जखम झालेली नाही, हे नीट ध्यानात घ्या. आपल्याला गोष्टीतून घ्यायचे ते एवढेच. आतला कारभारी कच्चा असला, तर बाहेरची शिस्त त्याला आधार देते. वेल आपल्या बळावर उभी राहत नाही म्हणून आपण तिला झोडपत नाही, मांडव घालतो. तसेच हे.

कारभारी उशिरा पिकतो

मेंदूचा हा पुढचा भाग सगळ्यांत शेवटी पिकतो. मूल पाच वर्षांचे झाले की चालणे-बोलणे बरेच पक्के होते. पण हा कारभारी पुरता पिकायला पंचविशी उजाडते. म्हणून लहान मुलांनी थोडे विसरणे, थोडे हूड असणे, हे चालायचेच. पाच वर्षांच्या मुलाकडून दहा वर्षांच्या मुलाची समज मागू नये.

पण काही मुलांचा कारभारी बरोबरीच्या मुलांपेक्षाही मागे राहतो. काहींचे जन्मापासून तसे असते. बाप, चुलता, मामा कोणी तसाच असतो. जी मुले दिवस पुरे होण्याआधी जन्मतात, त्यांच्यात हा त्रास अधिक दिसतो. काहींना लक्ष टिकवण्याचा किंवा वाचन-लेखन शिकण्याचा मूळचाच त्रास असतो. ह्यात आईचा दोष नाही. कोणाची नजर लागलेली नाही. मागच्या जन्माचे पापही नाही.

कधी कधी कारण साधे असते. मूल उपाशीपोटी शाळेत जाते. अंगात रक्त कमी असते. रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहते आणि झोप पुरत नाही. शाळेच्या वयाच्या मुलाला रात्री नऊ तास तरी झोप हवी. कधी मुलाला फळ्यावरचे नीट दिसत नाही, किंवा एका कानाने ऐकू येत नाही. घरात रोज भांडण असले, तरी मुलाचे चित्त ठिकाणावर राहत नाही. म्हणून आधी हे सारे पाहावे.

ओळखायचे कसे?

पुढच्या खुणा पाहा.

दोन-तीन कामे एकदम सांगितली, तर एकच करते किंवा एकही करत नाही.

काम येत असून सुरुवातच करत नाही. वही उघडून बसून राहते.

सुरू केलेले काम अर्ध्यावर टाकते.

दप्तर, पेन, चप्पल, छत्री सारखी हरवते.

आपली पाळी येईपर्यंत थांबवत नाही. मध्ये बोलते, मध्ये घुसते.

"अजून खूप वेळ आहे" म्हणत राहते आणि शाळेची घंटा होते.

ठरलेल्या गोष्टीत जरा बदल झाला, की आकांत करते.

ह्यांतली एखादी खूण कधीमधी दिसली, तर घाबरू नये. आपणही चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो की! पण पुष्कळ खुणा एकत्र दिसल्या, सहा-सहा महिने दिसल्या, घरीही दिसल्या आणि शाळेतही दिसल्या, बरोबरीच्या मुलांपेक्षा फार जास्त दिसल्या, तर मात्र लक्ष घालावे.

मुलींकडे जरा जास्त लक्ष द्यावे. मुलगा दंगा करतो, म्हणून तो दिसतो. पण अशी मुलगी पुष्कळदा गप्प बसते. खिडकीबाहेर पाहत राहते. कोणाला तिचा त्रास नाही, म्हणून कोणी विचारत नाही. दूध उतू गेले की तिला 'वेंधळी' म्हणतात आणि विषय संपतो.

इथे एक शंका येईल. लोक म्हणतात, "शेळ्यांमागं दिवसभर लक्ष लागतं. खेळात लक्ष लागतं. अभ्यासातच बरं लागत नाही? हा आळस नव्हे तर काय?"

शंका रास्त आहे. आम्हीही पूर्वी असेच म्हणत होतो, आणि कित्येक मुलांना उगीच बोल लावत होतो. पण पाहा, आवडीचे काम मुलाला स्वतःच ओढून नेते. उताराला लागलेली गाडी बैलाने ओढावी लागत नाही. चढ आला की बैलाची परीक्षा. कंटाळवाणे काम म्हणजे चढ. तिथे कारभाऱ्याचे बळ लागते. आळशी माणसाला काम करायचे नसते. ह्या मुलाला करायचे असते, पण जमत नाही. म्हणून तर ते शपथा घेते आणि रडते.

मारून का सुधारत नाही?

भेदरलेला बैल नांगराला सरळ चालत नाही. माणसाचेही तसेच आहे. भीती वाटली की डोक्यातला कारभारीच आधी गडबडतो. अंगाला पळायचे किंवा रडायचे तेवढे सुचते. मग मीठ नि चहापूड कुठून आठवणार? मार खाऊन मूल एकच गोष्ट शिकते, ती म्हणजे लपवणे. पैसे हरवले तरी सांगत नाही. गृहपाठ राहिला की शाळाच बुडवते. हळूहळू त्याला स्वतःलाच वाटू लागते, की आपण बिनकामाचे. मग एक दिवस शाळा सुटते ती कायमची.

कायदाही हेच सांगतो. शिक्षणहक्काचा कायदा 2009 साली झाला. त्याच्या 17व्या कलमाप्रमाणे शाळेत मुलाला मारणे किंवा मानसिक त्रास देणे ह्याला बंदी आहे.

मग करायचे काय?

मांडव घालायचा. ह्याला पैसा लागत नाही, धीर लागतो.

एका वेळी एकच काम सांगा. लांबून ओरडून सांगू नका. जवळ जा, त्याच्याकडे पाहा, मग सांगा. "काय आणायचं? सांग बघू," असे त्याच्याच तोंडून वदवून घ्या.

दोन-तीन वस्तू आणायच्या असतील, तर चिठ्ठी द्या. चिठ्ठी नसेल, तर बोटे मोजायला लावा. एक बोट मिठाचे, एक काडेपेटीचे, एक चहाचे.

प्रत्येक वस्तूची जागा ठरवा. दप्तराला एकच खुंटी. चपलांचा एकच कोपरा. पैशांना गळ्यात अडकवायची पिशवी. रात्री निजण्याआधी दप्तर भरून खुंटीला लावायचे, सकाळी नव्हे.

मोठे काम तोडून द्या. भाकरी आपण घास-घास करून खातो. दहा गणिते एकदम नको. तीन गणिते कर, अंगणात एक फेरी मार, मग पुढची तीन.

वेळ डोळ्यांना दिसू द्या. "लवकर ये" म्हणजे किती, हे त्याला कळत नाही. "पाणी तापेपर्यंत ये" म्हणा. घड्याळावर खूण दाखवा. मोबाइलची घंटा लावली तरी चालेल.

जमले की तिथल्या तिथे बोला. "आज तिन्ही वस्तू आणल्यास. शाबास!" एवढे शब्द पुरतात. चुकले तर चूक दाखवा, पोराला नावे ठेवू नका. "दप्तर राहिलं" म्हणा. "तू बिनडोक" म्हणू नका.

खेळू द्या. लगोरीत, लपंडावात पाळी पाळावी लागते. 'चिमणी भुर्र' हा खेळ घ्या. चिमणी भुर्र, कावळा भुर्र म्हटले की हात वर करायचा. म्हैस भुर्र म्हटले की हात खालीच ठेवायचा. वर जाणारा हात आवरणे, हीच कारभाऱ्याची तालीम आहे. खेळाने सगळे बरे होते असे नाही, पण हसत-खेळत सराव होतो.

आणि गुरुजींना भेटा. तक्रार करायला नव्हे, सल्ला करायला. पोराला पुढच्या रांगेत बसवता येईल का? घरचा अभ्यास लिहून घेतला की नाही, हे पाहता येईल का? असे विचारा. घर नि शाळा दोघांनी एकच रीत धरली, तर मुलाला सोपे जाते.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. 2013 सालापासून सरकारचा 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम' आहे. त्याचे डॉक्टर अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुले तपासायला येतात. ते आले की त्यांना मोकळेपणाने सांगा. गरज वाटली तर ते मुलाला पुढच्या तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात पाठवतात. एरवी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना विचारा. आधी डोळे, कान आणि रक्त तपासून घ्या. काही मुलांना औषधाचा उपयोग होतो. पण ते तज्ज्ञ डॉक्टरांनीच द्यावे. बुद्धी वाढवण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. अंगारे-धुपारे करीत वर्ष घालवू नका.

भिंतीवरच्या पाच ओळी

आता त्या आईचे पुढे काय झाले, ते सांगतो.

तिने नवऱ्याला हे सगळे सांगितले. आधी तो ऐकेना. मग बराच वेळ गप्प बसला. म्हणाला, "अगं, मीबी असाच होतो. रोज मार खायचो. तिसरीत शाळा सोडली ती त्यापायीच." त्या दिवसापासून त्याने पोरावर हात टाकला नाही.

त्या बाईंना तेव्हा नुकतेच लिहिता येऊ लागले होते. एका रात्री त्यांनी खडू घेतला आणि दाराशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाच ओळी लिहिल्या.

पाटी.
वही.
पेन्सिल.
डबा.
पाण्याची बाटली.

रोज सकाळी पोरगा दारात उभा राहतो. एकेका ओळीवर बोट ठेवतो आणि दप्तर चाचपतो. पहिले काही दिवस आई शेजारी उभी राहत असे. आता राहावे लागत नाही.

सगळे सुधारले, असे आम्ही म्हणणार नाही. परवाच त्याने छत्री हरवली. पण आता हरवली तर येऊन सांगतो. पोरगा आज पाचवीत आहे. शाळेत जातो आहे.

त्या बाई आम्हाला म्हणाल्या, "मी शिकले ती सही करता यावी म्हणून. पोराच्या उपयोगी पडंल असं वाटलं नव्हतं."

मंडळी, तुम्हीही आता लिहू लागला आहात. तुमच्या घरच्या भिंतीवर पाच ओळी लिहायला किती वेळ लागेल?

ध्यानात ठेवा

बुद्धी वेगळी, डोक्यातला कारभारी वेगळा.
विसराळू मूल आळशी असतेच असे नाही.
मारू नका. मांडव घाला.
एका वेळी एक काम सांगा.
वस्तूला जागा, कामाला वेळ ठरवा.
खुणा पुष्कळ दिवस दिसल्या, तर गुरुजींना आणि डॉक्टरांना भेटा.
काही झाले तरी मुलाची शाळा सोडवू नका.